राखलेलं नाक

नोकरीच्या पहिल्या दिवशी मॅडम मला जे पहिलं वाक्य बोलल्या, ते असं : "घरी जा आणि डोकं धुऊन ये."

मी दारातच उभी होते. नवा ड्रेस, हातात प्रमाणपत्रांची फाईल. आईने सकाळी डोक्याला माक्याचं तेल चोपडलं होतं आणि वेणीत बकुळीचा गजरा माळला होता. मॅडम खिडकीकडे पाठ करून बसलेल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. हात वर करून मला उंबऱ्यातच थांबवलं आणि म्हणाल्या, "माका, खोबरेल, बकुळ. ड्रेस डांबरगोळ्यांत ठेवला होतास. साधा साबण लाव, वासाचा नको. जा."

मी रडत घरी गेले, डोक्यावर बादल्या ओतल्या आणि ओल्या केसांनी परत आले. त्यांनी मला समोरून एकदा चालायला लावलं. "हं," म्हणाल्या. "आता बस. नाव काय तुझं?"

आमची कंपनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून जवळ होती. बोटींवरून आलेली कोळंबी, म्हाकूल साफ करायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची, हा धंदा. लॅबमध्ये तपासणीची यंत्रं होती, पण माल जायचा की राहायचा हे शेवटी नाकावर ठरायचं. प्रत्येक मालातला थोडा मासा साध्या पाण्यात उकडायचा, वाडग्यावरचं झाकण उचलायचं आणि वाफ हुंगायची. मॅडमनी मान हलवली की माल कंटेनरमध्ये. त्यांनी नाक मुरडलं की परत. परदेशातले खरेदीदार कंपनीचं नाव विसरायचे, पण 'त्या बाई आहेत ना अजून?' असं विचारायचे.

दोन वाडग्यांच्या मध्ये मॅडम एक विचित्र गोष्ट करत. बाही वर सारून स्वतःचाच कोपर, आतल्या बाजूने, हुंगत. नवीन माणूस हे बघून चपापायचा. मीही चपापले होते. त्यांनी समजावलं, "आपल्या अंगाचा वास म्हणजे आपलं शून्य. पाटी पुसल्यासारखं होतं. मग पुढचा वाडगा."

ती पाटी कोरी राहावी म्हणून त्यांनी अख्खं आयुष्य कोरं ठेवलं होतं. चहा नाही, कॉफी नाही. सकाळी मऊ भाताची पेज, तीही बिनलोणच्याची. कामाच्या दिवसांत कांदा-लसूण वर्ज्य. डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही. उजाडायच्या आत भाट्याच्या किनाऱ्यावर चालून यायचं, संध्याकाळी दिवेलागणीला जेवायचं आणि बाकीचं गाव मालिका बघायला बसतं तेव्हा निजायचं. सर्दी होऊ नये म्हणून पावसाळाभर कानाला मफलर. एसटीत त्या ड्रायव्हरच्या मागे बसत नसत, डिझेलचा वास येतो म्हणून. घरात देव होते, पण उदबत्ती नव्हती. देवांना रोज फक्त जास्वंद, कारण तिला वास नसतो. एकदा मी थट्टेने म्हटलं, "मॅडम, बाकीचे देव रुसत असतील." त्या गंभीरपणे म्हणाल्या, "सांगितलंय मी त्यांना."

कंपनीतल्या बायका त्यांना मागे 'नाकवाली' म्हणत. डबा खायला त्या कुणाबरोबर बसत नसत. पंधरा जणींचे पंधरा डबे उघडले की त्यांच्या दृष्टीने तो बाजार. त्या वर गच्चीवर जात, वाऱ्याकडे तोंड करून दहीभात खात आणि खाली येत. पॅकिंगमधली एक बाई एकदा म्हणाली, "नाकासमोर चालणारी माणसं पाहिलीत, पण हिच्या नाकासमोर कोणी चालायचंसुद्धा नाही." सगळ्या हसल्या. मॅडम जिन्यात होत्या. त्यांनी ऐकलं असणार. पुढे त्या जिन्यावरून उतरताना आधी मुद्दाम चपला वाजवत, एवढं माझ्या लक्षात आलं.

एक परदेशी खरेदीदार आला होता तेव्हाची गोष्ट कंपनीत अजून सांगतात. चांगला उंचापुरा, सुटाबुटातला, ज्याच्यासाठी कंपनीच्या शेठनी पायघड्या घातल्या असा माणूस. त्याला मॅडमचं काम बघायचं होतं. तो लॅबमध्ये शिरला आणि त्याच्यामागून त्याच्या अत्तराचा लोट. मॅडमनी वाडग्यावर झाकण ठेवलं. शेठना मराठीत म्हणाल्या, "यांना बाहेर व्हरांड्यात उभं करा. काचेतून दिसतं." शेठचा चेहरा पडला. पण त्या माणसाला अर्थ कळला तेव्हा तो मोठ्याने हसला, खरंच बाहेर जाऊन उभा राहिला आणि काचेला कपाळ लावून शेवटपर्यंत बघत राहिला. जाताना त्याने मॅडमना वाकून नमस्कार केला. लांबूनच.

अशा वेळी लोक म्हणत, देवाची देणगी आहे हो. या शब्दाची मॅडमना भयंकर चीड. "देणगी म्हणजे फुकट मिळालेलं," त्या म्हणत. "नाक देवाने सगळ्यांना दिलंय. राखलंय मी."

त्या मूळच्या हर्णैच्या. वडील बोटीवर, आई सुकी मासळी विकायची. सोडे, सुकट, बोंबील सगळं घरातच माळ्यावर. शाळेत बाकावरच्या मुली सरकून बसत. "म्हणत, हिला वास येतो," मॅडमनी मला एकदा सांगितलं. राग नव्हता आवाजात. "मला प्रश्न पडायचा, कसला? मला तर काहीच येत नव्हता. घरच्या वासाला आपण आंधळे असतो. मग मी रोज शाळेतून आल्यावर घरात जायच्या आधी दारात उभी राहायचे. थोडा वेळ यायचा वास, मग जायचा. तो जायच्या आत पकडायचा, हा नाद लागला. हा बोंबील, हा जवळा, ही आईची पातळं." घरातली पहिली शिकलेली मुलगी त्या. रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकायला आल्या तेव्हा वर्गातली मुलं म्हणाली होती की कोळणीला मासे शिकायला कॉलेज कशाला. त्या मुलांपैकी एक पुढे त्यांच्या हाताखाली लागला. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, त्यानेच सांगितलं. "त्यांनी मला कधी आठवण करून दिली नाही," म्हणाला. "मीच रोज करून घेतो."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. एकदा जमत आलं होतं म्हणतात, मुलगा बिडी ओढायचा. खरं-खोटं माहीत नाही.

हर्णैला भाऊ, वहिनी, भाच्या असा मोठा गोतावळा. पण लग्नकार्याला मॅडम जात त्या तशाच. मांडवाच्या बाहेर, वारा पाठीवर येईल अशा जागी उभ्या राहत, नवरा-नवरीला तिथे बोलावून हातात आहेर देत आणि पंगत बसायच्या आत परत फिरत. दुसऱ्या दिवशी कामावर कुणी विचारलं, "काय मॅडम, लग्न कसं झालं?" तर म्हणत, "चांगलं झालं असेल."

मग ती साथ आली. जग घरात बसलं, पण आमचं काम थांबून थांबून चालूच होतं. मॅडमइतकी काळजी कुणीच घेतली नसेल. त्यांना मुळात माणसांपासून लांब राहायची सवयच. तरी साथीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना ताप आला. फार नाही, दोन-तीन दिवस. विलगीकरण संपवून त्या कामावर परतल्या, नेहमीसारख्या वेळेच्या आधी.

मी तीन वाडगे मांडून ठेवले होते. त्यांनी पहिल्याचं झाकण उचललं, वाकल्या, वाफ घेतली. झाकण ठेवलं. कोपर हुंगला. दुसरा वाडगा. पुन्हा कोपर. या वेळी त्यांनी कोपर नाकापासून दूर केलाच नाही. तशाच बसून राहिल्या, बाही वर सारलेली, मान वाकडी. वाडग्यांवरची वाफ विरून गेली.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी लावलं.

"हुंग. तिन्ही हुंग आणि सांग."

मी हुंगले. "दुसरा जरा वाईट आहे, मॅडम."

"मला तिन्ही पाणी आहेत," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "हाही पाणी."

त्या उठल्या आणि शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मी फाईल घेऊन मागोमाग. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकलं, खुर्ची दिली, म्हणाले, "येईल हो मॅडम परत. सगळ्यांचा येतो. तोवर यंत्रं आहेत, ही मुलगी आहे. तुम्ही फक्त नेहमीसारख्या बसा आणि सही करा. तुमच्या नावावर माल जातो."

"सही नाकाची असते, शेठ. हाताची नाही."

"बाहेर कळलं तर ऑर्डरी जातील."

"म्हणूनच आजच कळवा," मॅडम म्हणाल्या. "उद्या कळलं तर आधीच्याही सगळ्या सह्या खोट्या ठरतील."

शेठ बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत बसले. मग त्यांनी कळवलं. दोन खरेदीदार गेले, बाकीचे राहिले. मॅडमनी त्याच दिवशी आपली खिडकीजवळची खुर्ची सोडली, एक साधं स्टूल आणून वाडग्यांच्या पलीकडे ठेवलं आणि खुर्चीत मला बसवलं.

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. मी हुंगायचं आणि त्यांनी विचारायचं.

"कसा?"

"वाईट."

"वाईट हा वास नव्हे, ते मत झालं. कशासारखा?"

"गोणपाटासारखा. ओल्या."

"कुठल्या? भाताच्या, मिठाच्या का कोळशाच्या?"

मी पुन्हा वाकायची. "भाताच्या. पण नव्या भाताच्या नाही. उंदीर लागलेल्या."

मॅडम डोळे मिटून ऐकत. चेहऱ्यावर असा भाव की कुणी लांबच्या गावाची खबर सांगतंय. मग म्हणत, "बर्फ उशिरा पडलाय त्याच्यावर. पुढे?" हळूहळू माझ्या ध्यानात आलं, ही फक्त शिकवणी नव्हती. दिवसातून तेवढा वेळ त्यांना वास यायचा. माझ्या तोंडून का होईना, यायचा. मग मी जास्त नीट सांगू लागले. चहा सोडायला त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी आपणहून दुपारचा सोडला. सकाळचा मात्र सुटला नाही. त्यांना ते माहीत होतं. माझ्याकडे बघून म्हणत, "चहा प्यायलेलं नाकही चालतं, फक्त त्याला जास्त काम करावं लागतं."

एवढं होऊन त्यांनी स्वतःची एकही सवय मोडली नाही. पेज तीच, जास्वंद तीच, गच्चीवरचा दहीभात तोच. मी न राहवून विचारलं, "आता काय हरकत आहे, मॅडम? खाली बसा ना आमच्यात."

त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बसून बोलायचं काय? मला येत नाही ते."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या भाचीचं लग्न निघालं. मॅडमनी मला बरोबर चल म्हटलं. का, ते सांगितलं नाही. हर्णैला पोचलो तेव्हा मांडव भरलेला, समुद्राकडून ओला वारा, मागच्या अंगणात कढया. मॅडम सवयीने मांडवाबाहेर वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ धावत आला. "अगो बाय, भायेर कशाला उभी? आत ये."

त्या माझ्याकडे बघून थांबल्या. मग चपला काढून आत गेल्या.

मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बायकांनी त्यांना घेरलं. कुणी त्यांच्या बिनतेलाच्या केसांत सुरंगीचा गजरा खोवला, कुणी मनगटाला अत्तर लावलं, भाची हळदीच्या अंगाने गळ्यात पडली. लहान मुलं मांडीवर चढली. मॅडम हर्णैच्या बोलीत बोलत होत्या, "जा गो, नवऱ्याला सांग आमची पोर लाडाची हाय," आणि हसत होत्या. पंगतीत पहिल्या रांगेत बसून त्यांनी तळलेला मासा खाल्ला, वर आणखी मागितला. भाऊ वाढायला समोर आला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "बरा झाला बाय, तुझा नाक गेला. माणसात आलीस."

आणि त्याने जीभ चावली.

मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. "होय रे," म्हणाल्या. "कढी वाढ."

परतीच्या गाडीत आम्ही दोघीच होतो. दाभोळच्या फेरीबोटीवर गाडी चढली, त्या खाली उतरून कठड्याला उभ्या राहिल्या. केसांतला गजरा काढून ओंजळीत धरला होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी ओंजळ माझ्या पुढे केली. "सांग."

आता मला सांगता येत होतं. "मधासारखा आहे," मी म्हटलं. "पण पोळ्यातल्या मधासारखा नाही. भांड्याच्या तळाला राहून उन्हाने तापलेल्या. त्याच्याखाली थोडी हळद. आणि अगदी खाली काहीतरी लहान मुलाच्या डोक्यासारखं, झोपेतून उठलेल्या."

"पुरे," त्या म्हणाल्या.

खाडीत ओहोटी होती. फेरीबोट पलीकडे लागेपर्यंत त्या कठड्यालाच उभ्या राहिल्या. गजरा त्यांनी पाण्यात टाकला नाही, पर्समध्येही ठेवला नाही. तसाच हातात धरून बसल्या आणि रत्नागिरी आल्यावर तो हातातच घेऊन जिना चढल्या.

मला परीक्षा देऊन सहीचा अधिकार मिळाला त्या आठवड्यात मॅडमनी राजीनामा दिला. शेठनी खूप आग्रह केला. "माझं झालं," एवढंच म्हणाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. तरी पॅकिंगमधल्या बायका व्हरांड्यात उभ्या राहिल्या होत्या. ती नाकासमोर चालण्याबद्दल बोललेली बाई पुढे आली आणि तिने मॅडमच्या पायाला हात लावला. मॅडमनी तिचे खांदे धरून तिला उठवलं. दोघींनाही पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून दोघी तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

भाऊ हर्णैला बोलावत होता. त्या गेल्या नाहीत. "पाहुणी म्हणून ठीक," म्हणाल्या. "राहायला मला माझ्या वेळा लागतात."

बरेच महिने मी त्यांच्याकडे गेले नव्हते. काम वाढलं होतं. एका रविवारी सकाळी फोन न करता गेले. दार त्यांनीच उघडलं. आंघोळ झालेली, सुती साडी, केस कोरडे. गॅलरीत एका पाटावर चार लहान बाटल्या मांडलेल्या होत्या. एकीत लवंग, एकीत कापूर, एकीत लिंबाची साल, एकीत सुकट.

"वास परत यावा म्हणून डॉक्टरने सांगितलेला सराव," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. प्रत्येकीवर थोडा थोडा वेळ, मन लावून."

"इतके दिवस करताय? काही फरक?"

"तेच तर कळत नाही." त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला. "एकटीने केलं की कुठली बाटली कुठली ते आधीच माहीत असतं. लवंग धरली की मन म्हणतं, येतोय येतोय. मनाचं काय खरं? तू बदल."

त्यांनी डोळ्यांवर पट्टीसारखा पदर घट्ट बांधला. मी बाटल्या इकडच्या तिकडे केल्या, एक त्यांच्या नाकाशी धरली. त्या वाकल्या. तोच वाकण्याचा ढंग, वाडग्यावर वाकत तोच. बराच वेळ श्वास आत.

"लिंबू?"

सुकट होती. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढची."

पुढचीही चुकली; ती लिंबाची साल होती, तेही मी सांगितलं. तिसरीला त्या फार वेळ थांबल्या. खाली रस्त्यावरून रिक्षा गेली, मासे घेऊन निघालेल्या बाईची हाळी ऐकू आली.

"लवंग," त्या म्हणाल्या.

लवंगच होती. मी जवळजवळ ओरडले, "मॅडम, बरोबर!"

त्यांनी पदर सोडला. चेहरा तसाच. "खूश होऊ नकोस," म्हणाल्या. "अंदाजाने सांगितलं. दोन गेल्या होत्या, दोनच राहिल्या होत्या."

"पण कापूर म्हणाला नाहीत ना तुम्ही."

"त्याला कारण नव्हतं." त्यांनी एकेका बाटलीचं बूच लावलं, दाबून बघितलं, पाट उचलून भिंतीशी ठेवला. मग आत गेल्या. मला वाटलं, आता मी निघावं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला आणि त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कपबशी होती. चहा होता. पाणी कमी, साखर जास्त, पावडर कच्चीच राहिलेली. आयुष्यात पहिल्यांदा केलेला असणार.

मी प्यायले. त्या समोर बसून बघत होत्या.

"कसा?" त्यांनी विचारलं.

"चांगला," मी म्हटलं. मग त्यांच्या नजरेकडे बघून सांगितलं, "ओल्या पानांसारखा. उकळला नाहीये."

त्यांनी मान हलवली, चूक लक्षात घेतल्यासारखी. मी कप ठेवला, पर्स उचलली, दारापर्यंत गेले. त्या मागे आल्या. आजवर मला कुणी सांगितलं असतं की मॅडमनी कुणाला पुन्हा या म्हटलंय, तर मी विश्वास ठेवला नसता. दाराची कडी धरून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुझी उद्याची पाळी कितीची?"

"नऊची."

"वाटेत जमलं तर बाटल्या बदलून जा."